होम थिएटरचा सेंटर स्पीकर: कुठला घ्यायचा आणि कुठे ठेवायचा

"काय म्हणाला रे तो?" हा प्रश्न आमच्या हॉलमध्ये कायम दिवाणाच्या डाव्या टोकाकडून यायचा. तिथे आई बसते. मी मधल्या सोफ्यावर, समोर हौसेनं जमवलेले स्पीकर, आणि मला तर सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. दोन वर्षं मी आईच्या कानांना दोष दिला. मग ती गावी गेली असताना एकदा तिच्या जागेवर बसून सिनेमा लावला. पंधरा मिनिटांत माझ्याही हातात रिमोट आला. माणसं बोलायला लागली की आवाज वाढव, गाडी उडाली की कमी कर.

सेंटर स्पीकर, म्हणजे टीव्हीच्या खाली किंवा वर मधोमध ठेवायचा तो, खरं तर कडेला बसणाऱ्यासाठी असतो. दुकानात मात्र तो तुम्हाला मधल्या खुर्चीत बसवून ऐकवतात, आणि तिथे तो चांगलाच वाजतो. आपण खूश होऊन पैसे देतो, आणि घरी आल्यावर दिवाणाच्या टोकाकडून प्रश्न सुरू होतात. खाली जे लिहिलंय ते त्या टोकावर बसून तपासलेलं आहे.

## आधी ठरवा, तो हवाच आहे का

सिनेमाच्या ५.१ ध्वनीत, म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या धडधडीसाठी एक सबवूफर अशा रचनेत, पात्रांचं बहुतेक बोलणं मधल्या वाहिनीत असतं. सेंटर स्पीकर नसेल तर रिसिव्हरला, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राला, तसं सांगता येतं. मग तो हे बोलणं डाव्या आणि उजव्या स्पीकरमध्ये सारखं वाटून देतो. दोघांच्या बरोबर मध्ये बसलात तर माणूस पडद्याच्या मधूनच बोलतोय असा भास होतो. याला फँटम सेंटर म्हणतात. एकट्यानं किंवा दोघांनी चिकटून बसून बघणार असाल तर हा भास पुरेसा आहे, आणि वाचलेले पैसे डाव्या-उजव्या जोडीत घातलेले बरे.

त्यातही एक बारीक उणीव राहते. डाव्या कानाला डावा स्पीकर ऐकू येतो तसा उजवाही येतो, फक्त क्षणभर उशिरा. त्या उशिरामुळे २ किलोहर्ट्झच्या आसपास आवाजाला खड्डा पडतो, आणि व्यंजनांची स्पष्टता नेमकी तिथूनच सुरू होते. मधल्या जागेवर हे चालून जातं.

आईच्या जागेचं गणित मात्र बघा. आमच्याकडे सोफा आणि दिवाण स्पीकरच्या रेषेपासून २.८ मीटरवर आहेत. डावा-उजवा स्पीकर मध्यापासून प्रत्येकी १.२ मीटरवर, आणि आईही मध्यापासून डावीकडे १.२ मीटरवर. म्हणजे डावा स्पीकर तिच्या थेट समोर, २.८ मीटरवर, आणि उजवा तिरक्या रेषेत सुमारे ३.७ मीटरवर. जवळजवळ ९० सेंटिमीटरचा फरक. आवाज एका सेकंदात साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे उजवीकडचा आवाज तिच्यापर्यंत अडीच मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढा फरक मेंदूला पुरतो. जिथून आधी आलं तिथूनच आलं असं तो धरून चालतो, आणि पडद्याच्या मध्ये उभा असलेला नायक आईच्या लेखी डाव्या डब्यात बसून बोलत राहतो.

ही अडचण जुनी आहे. १९३३ साली बेल लॅब्जच्या इंजिनियरांनी फिलाडेल्फियातल्या वाद्यवृंदाचं वादन तीन स्वतंत्र वाहिन्यांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवलं, तेव्हाही डावी, उजवी आणि मधली अशी रचना होती, कारण रुंद सभागृहात कडेला बसलेल्या माणसालाही आवाज योग्य ठिकाणाहून यायला हवा होता. चित्रपटगृहांनी हेच उचललं. घराघरात मधला स्पीकर आला तो १९८७ च्या डॉल्बी प्रो लॉजिकनंतर. दोन वाहिन्यांच्या आवाजातून मधली वाहिनी वेगळी काढणारं ते तंत्र.

तेव्हा तुमच्याकडे तीन-चार माणसं ओळीनं बसून बघत असतील तर सेंटर घ्याच. पण स्वस्तातला, डाव्या-उजव्याशी न जुळणारा डबा बंद कप्प्यात कोंबणार असाल, तर त्यापेक्षा सेंटर नसलेला बरा.

## दुकानात जाण्याआधी मोजपट्टी

इथे माझी फजिती सांगतो. फर्निचरचं काम चालू असताना सुतारानं विचारलं, "साहेब, स्पीकरला किती गाळा सोडू?" मी मोबाइलवर आवडलेल्या मॉडेलची उंची बघितली, सात इंच, आणि ऐटीत सांगितलं, "सव्वासात." सनमायका लागला, पॉलिश झालं, स्पीकर आला आणि गाळ्यात मापात बसला. पण त्याला वर तोंड करून कलवायला जागा नव्हती, मागे वायर जोडायला बोट शिरत नव्हतं, आणि बाकी राहिलेल्या फटीतून आवाज डब्यात बोलल्यासारखा यायचा. वर्षभरानं तीच मधली फळी करवतीनं कापून काढली.

चार मापं घ्या आणि कागदावर लिहून खिशात ठेवा.

पहिलं, कानाची उंची. नेहमीच्या पद्धतीनं बसा, ताठ बसू नका, आणि जमिनीपासून कानापर्यंत मोजायला सांगा. सोफ्यावर ती साधारण ९५ ते १०० सेंटिमीटर भरते. घरात भारतीय बैठक असेल तर बरीच कमी.

दुसरं, टीव्ही युनिटच्या वरच्या फळीची उंची, आणि तिथून टीव्हीच्या खालच्या कडेपर्यंतची जागा. स्पीकरच्या उंचीत तो कलवण्यासाठी किमान ४-५ सेंटिमीटर मिळवा.

तिसरं, डब्याची खोली, म्हणजे पुढून मागेपर्यंतचं माप. पत्रकावर लिहिलेल्या खोलीत वायरचे स्क्रू किंवा प्लग धरलेले नसतात. त्यासाठी आणखी ५ सेंटिमीटर सोडा. डब्याला मागे हवा आत-बाहेर जायचं भोक असेल तर १०-१५.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते कुणीच घेत नाही. नेहमी माणूस बसतो अशी सर्वांत कडेची जागा पडद्याच्या मध्यापासून किती कोनात आहे? त्रिकोणमितीची वही काढायची गरज नाही. २.८ मीटर अंतरावर अर्धा मीटर बाजूला म्हणजे सुमारे १० अंश, एक मीटर म्हणजे सुमारे २० अंश. आई २३ अंशांवर होती. कुठला डबा घ्यायचा ते हा आकडा ठरवतो.

## डबा निवडताना

बाजारातला नेहमीचा सेंटर स्पीकर डोळ्यांसमोर आणा. आडवा डबा, मध्ये बारीक, वरच्या आवाजांचा ट्वीटर, दोन्ही बाजूंना खालच्या आवाजांचा एकेक वूफर. टीव्हीखाली देखणा दिसतो. अडचण अशी की दोन्ही वूफर एकच आवाज एकाच वेळी काढतात. समोर बसलेल्याला दोन्ही सारख्या अंतरावर, म्हणून त्यांची बेरीज होते. बाजूला बसलेल्याला एक वूफर जवळ, दुसरा लांब. हा फरक एखाद्या सुराच्या अर्ध्या तरंगलांबीएवढा झाला की एकाचा फुगवटा आणि दुसऱ्याचा खळगा एकाच वेळी कानावर येऊन तो सूर खाल्ला जातो.

दोन वूफरच्या मध्यांतलं अंतर ३० सेंटिमीटर धरा. २३ अंशांवर बसलेल्या आईसाठी फरक पावणेबारा सेंटिमीटर पडतो, आणि आवाजात खड्डा पडतो साधारण १४५० हर्ट्झला. अशा डब्यांत वूफरचं काम संपून ट्वीटरचं सुरू होण्याची सीमा, म्हणजे क्रॉसओव्हर, बहुधा २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे खड्डा पूर्णपणे वूफरच्या हद्दीत, माणसाच्या बोलण्याच्या ऐन मध्यात. १५ अंशांवर बसलेल्यासाठी तोच खड्डा २२०० हर्ट्झपर्यंत वर सरकतो. तिथे ट्वीटर हातभार लावायला लागलेला असतो आणि नुकसान कमी होतं.

गंमत म्हणजे ही वूफर-ट्वीटर-वूफर रचना मुळात उभ्या डब्यासाठी गाजली. जोसेफ डापोलिटो यांनी १९८३ मध्ये मांडली तेव्हा तीनही घटक एकावर एक होते. तशी उभी ठेवली तर खड्डे वर-खाली पडतात, जिथे कुणाचे कान नसतात. डबा टीव्हीखाली मावावा म्हणून तो आडवा झाला, आणि खड्डे सोफ्यावर आले.

मग काय घ्यायचं? माझ्या पसंतीचा क्रम असा.

डावा-उजवा छोटा बुकशेल्फ स्पीकर असेल आणि त्याच मॉडेलचा तिसरा नग उभा ठेवायला जागा असेल, तर दुसरा विचार करू नका. यासारखं काही नाही. अडचण दोनच: उभा डबा टीव्हीखाली क्वचित मावतो, आणि दुकानदार जोडी फोडून द्यायला तयार नसतो. प्रोजेक्टर असेल आणि आवाज आरपार जाऊ देणारा पडदा असेल तर तिन्ही उभे डबे पडद्यामागे लावता येतात. चित्रपटगृहात हेच असतं.

ते जमत नसेल तर थ्री-वे सेंटर बघा. यात दोन वूफरच्या मध्ये मधल्या आवाजांचा एक छोटा मिडरेंज आणि त्याच्या बरोबर वर ट्वीटर असतो. बोलण्याचा महत्त्वाचा भाग एकटा मिडरेंज सांभाळतो, म्हणून बाजूला भांडण होत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. जाळी काढा, मध्ये एकावर एक दोन घटक दिसले तर थ्री-वे. काही कंपन्या ट्वीटर वूफरच्याच पोटात बसवतात, केईएफचा युनी-क्यू हे त्यातलं नावाजलेलं उदाहरण. हाही बाजूला चांगला वागतो. पण जाळी काढून बघाच. अशा एकात एक बसवलेल्या घटकाच्या दोन्ही बाजूंना आणखी वूफर असतील तर ते कुठपर्यंत वाजतात हे विचारा. काहीशे हर्ट्झच्या खालीच थांबत असतील तर हरकत नाही.

साधा आडवा टू-वे डबा, म्हणजे मिडरेंज नसलेला, शेवटी. तो वाईट असतोच असं नाही. तुमची कडेची जागा १०-१५ अंशांच्या आत असेल तर खुशाल घ्या, पैसे वाचतील. आणि दोन वूफरऐवजी चार वूफर लावलेला लांबलचक डबा बघून भुलू नका. चारही वूफर वरपर्यंत एकच आवाज काढत असतील तर बाजूच्या खड्ड्यांची संख्या वाढते.

दुसरा निकष घराण्याचा. सेंटर आणि डावा-उजवा एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले असावेत, निदान ट्वीटर तरी तोच असावा. पडद्यावर रिक्षा डावीकडून उजवीकडे गेली आणि मध्ये तिचं इंजिन बदलल्यासारखं वाटलं, तर घराणं जुळलेलं नाही. मागचे स्पीकर वेगळ्या कंपनीचे असले तरी चालून जातं.

बाकी आकडे पटकन. संवेदनशीलता, म्हणजे ठरलेल्या ताकदीवर डबा किती मोठा वाजतो, ८६ आणि ८९ डेसिबल यांतला फरक किरकोळ दिसतो, पण तेवढ्याच आवाजासाठी पहिल्याला दुप्पट वॉट लागतात. इंपीडन्स, म्हणजे डब्याचा विजेला होणारा विरोध, ४ ओहम असेल तर तुमचा रिसिव्हर ते पेलतो का ते मागच्या पट्टीवर वाचा. वॉटचा आकडा फार मनावर घेऊ नका. "मॅग्नेट शील्डेड आहे साहेब" असं कुणी कौतुकानं सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे चला. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चुंबकामुळे रंगाचे डाग पडायचे, तेव्हाची ती गरज.

## दुकानातली परीक्षा

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या गर्दीत किंवा पुण्यात तपकीर गल्लीत उभ्या उभ्या स्पीकर ऐकून काही कळत नाही. वायर, प्लग, स्टँड तिथून जरूर घ्या. स्पीकरसाठी ऐकायची खोली असलेलं दुकान शोधा आणि गर्दी नसते अशा वेळी, कामाच्या दिवशी सकाळी जा.

मारामारीचा प्रसंग लावू देऊ नका. एखाद्या निवेदकाचा किंवा बातम्या वाचणाऱ्याचा मराठी आवाज पेन ड्राइव्हवर घेऊन जा, संगीताशिवाय. एक पुरुषाचा, एक बाईचा. फक्त सेंटर चालू ठेवायला सांगा आणि मध्ये न बसता मध्यापासून बाजूला सरकत सरकत ऐका.

आपल्या भाषेत यासाठी आयती कसोटी आहे. मराठीत च दोन आणि ज दोन. 'चार चाकं' म्हणून बघा: 'चार'चा च टाळूवरचा, 'चाक'चा च दातांमागचा. 'हे जग' आणि 'सुखानं जग' यांतले दोन ज तसेच. अशी वाक्यं घरातल्या कुणाकडून तरी मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. हे भेद वरच्या पट्टीतल्या बारीक सळसळीत असतात, २ किलोहर्ट्झपासून पार ८ पर्यंत. बाजूला सरकल्यावरही दोन च वेगळे ऐकू आले तर डबा लायक आहे. पुरुषाचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा आला तर डबा किंवा त्याखालचं टेबल यांपैकी एकाचा दोष आहे. डबा टेबलाच्या पुढच्या कडेला ओढून परत ऐका, म्हणजे कुणाचा ते कळेल.

मग रिसिव्हरमधला चाचणीचा आवाज लावा, तो पावसाच्या सरीसारखा 'श्श्श' असतो. डावा, मधला, उजवा असा फिरू द्या. सर तीच राहून फक्त जागा बदलली पाहिजे. मध्ये पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी वाटली तर जोडी जुळत नाही.

## जागा: इथेच सगळं बनतं किंवा बिघडतं

चांगला डबा वाईट जागी ठेवून मी वर्ष काढलंय, म्हणून या भागावर जरा रेंगाळतो.

टीव्हीच्या खाली की वर? जिथे ट्वीटर कानाच्या उंचीच्या जास्त जवळ येईल तिथे. बहुतेक घरांत उत्तर 'खाली' असतं. हल्ली फ्लॅटमध्ये टीव्ही भिंतीवर बराच वर लावतात, तिथे तर खालची जागा जवळजवळ कानासमोरच येते. तिन्ही ट्वीटरच्या उंचीत फुटाभराहून जास्त फरक नसला तर उत्तम. आवाज थोडा खालून किंवा वरून आलेला कान सहज माफ करतो, बाजूनं आलेला करत नाही. म्हणून आडव्या दिशेत मात्र डबा पडद्याच्या मधोमधच हवा.

डब्याचं तोंड फळीच्या पुढच्या कडेशी आणा, केसभर बाहेर आलं तरी चालेल. डबा मागे सरकवला की पुढे उरलेली फळी आरशासारखी वागते. ट्वीटरचा आवाज तिच्यावर आपटून थोडा उशिरा कानावर येतो आणि शब्दांची कड बोथट होते. हा प्रयोग आत्ताच करून बघा. कुणाचं तरी बोलणं लावा, डबा वीतभर मागे ढकला, ऐका, परत पुढे ओढा. एक रुपयाही न घालवता इतका फरक दुसऱ्या कशानं पडत नाही.

बंद कप्पा टाळा. उघड्या कप्प्यात ठेवणं भाग असेल तर तोंड कडेच्या बाहेर काढा आणि डब्याच्या भोवतीच्या फटी जुन्या टॉवेलनं किंवा फोमनं भरा, म्हणजे कप्पा घुमणार नाही. मागच्या बाजूला हवेचं भोक असेल तर ते मात्र मोकळं ठेवा. काच किंवा लाकडी झडप समोर नकोच. कंपनीनं भोकासाठी फोमचा बोळा दिला असेल तर भिंतीला टेकून ठेवलेल्या डब्यात तो लावून बघा, पुरुषी आवाजातला घुमारा कमी होतो.

आता कल. समजा ट्वीटर जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर आहे, कान १०० वर, अंतर २.८ मीटर. म्हणजे डब्यानं साधारण ८ अंश वर बघायला हवं. डबा २८ सेंटिमीटर खोल असेल तर त्याची पुढची कड सुमारे ४ सेंटिमीटर उचला. दाराला लावायचे रबरी पाचर मिळतात, दोन घेतले की काम झालं. सुरुवातीला मी मुलाचे खोडरबर लावले होते. सिनेमातल्या एका स्फोटानं डबा हळूच पुढे सरकला, तेव्हा बदलले.

कल बरोबर आहे का ते बघायला हातआरसा घ्या. ट्वीटरजवळ डब्याच्या सपाट तोंडावर आरसा चिकटून धरायला कुणाला तरी सांगा आणि आपल्या जागेवर बसा. आरशात तुमचेच डोळे दिसले तर डबा तुमच्याकडे बघतोय. छत दिसलं तर जास्त कललाय, पोट दिसलं तर कमी. सोफा आणि बैठक दोन्ही असतील तर दोन्हींच्या मधली उंची धरा.

डब्याखाली रबराचे पाय किंवा जाड फोमचा तुकडा हवाच. प्लायवूडची फळी डब्याबरोबर थरथरली की तीही गायला लागते. फळीवरच्या शोभेच्या वस्तू, ट्रॉफ्या आणि काचेची फोटोफ्रेम यांची तिथून बदली करा.

## वायर

यावर जेवढा खर्च करवून घेतात तेवढी गरज नाही. पाच-सात मीटरपर्यंत १६ गेजची शुद्ध तांब्याची वायर पुरे, त्याहून लांब असेल तर आणखी जाड, १४ गेज. फक्त तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांबं म्हणून गळ्यात मारली जाते. टोक चाकूनं खरवडलं की आत पांढरं दिसतं.

लाल लालला, काळी काळीला. सेंटरची उलटी जोडली गेली तर आवाज येतो, पण डाव्या-उजव्याशी त्याचं पटत नाही आणि बोलणं कुठून येतंय ते नीट ठरत नाही. वायरवर खुणा नसतील तर ती रिसिव्हरपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल टोकांना क्षणभर टेकवा. वूफर बाहेर सरकला तर सेलच्या अधिक बाजूला लागलेली वायर लाल समजा.

## रिसिव्हरमध्ये

सेंटरचा आकार 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर, इथे सबवूफर आणि सेंटर यांच्यातली सीमा, ८० हर्ट्झ. सबवूफर असताना सेंटरला 'लार्ज' ठेवण्यात शहाणपण नाही. खालच्या धडधडीतून तो सुटला की बोलणं मोकळं होतं. डबा फार लहान असेल तर १०० किंवा १२०.

अंतर टेपनं मोजून भरा, तुमच्या कानापासून डब्याच्या तोंडापर्यंत. ३४ सेंटिमीटरची चूक म्हणजे एक मिलिसेकंद.

ऑडिसी, वायपीएओ, डिरॅक असं काही माइकनं ऐकून स्पीकर आपोआप जुळवणारं असेल तर वापरा. माइक कॅमेऱ्याच्या स्टँडवर कानाच्या उंचीवर ठेवा. सोफ्याच्या पाठीवर किंवा उशीवर ठेवाल तर तो उशीचंच ऐकेल. पंखा, एसी, कुकर बंद. एकाहून जास्त जागा विचारत असेल तर कडेची जागा नक्की द्या. नंतर मेन्यूत जाऊन त्यानं सेंटर 'लार्ज' केलाय का ते बघा, असं अनेकदा होतं.

हातानं पातळी जुळवायची असेल तर मोबाइलचं ध्वनिमापक ॲप पुरतं. आकडा खरा असण्याची गरज नाही, तिन्ही स्पीकरला तोच यायला हवा. त्यानंतर सेंटर १-२ डेसिबलनं वाढवला तर कुणी पाप म्हणणार नाही. पण ५-६ वाढवावा लागत असेल तर जागा किंवा खोली बिघडलेली आहे.

आणि हे तपासा, कारण इथे कित्येक घरांत सेंटर मुका बसलेला असतो. टीव्हीचा आवाज एआरसीनं, म्हणजे एचडीएमआय वायरमधून उलट रिसिव्हरकडे, येत असेल आणि टीव्हीच्या मेन्यूत 'पीसीएम' निवडलेलं असेल, तर साध्या एआरसीवर दोनच वाहिन्या पुढे जातात. तिथे 'ऑटो', 'पास-थ्रू' किंवा 'बिटस्ट्रीम' करा. मूळ आवाजच स्टीरिओ असेल, पुष्कळ मालिका आणि जुन्या मराठी चित्रपटांचा तो तसाच असतो, तर रिसिव्हर 'डॉल्बी सराउंड'वर ठेवा. तो दोन्हीकडे सारखं असलेलं बोलणं ओळखून मध्ये आणतो. सगळ्या स्पीकरमधून तेच वाजवणारा 'ऑल चॅनल स्टीरिओ' गणपतीतल्या पंगतीसाठी ठीक आहे, सिनेमासाठी नाही.

## खोलीचाही वाटा असतो

व्हिट्रिफाइड टाइल, एका बाजूला काचेची सरकती खिडकी, दुसरीकडे रिकामी भिंत. आपला हॉल बोलण्याचा शत्रू म्हणूनच बांधल्यासारखा असतो. मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. मागे झिणझिण उरली तर तीच प्रत्येक शब्दामागे उरते. स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडकीला चुण्यांचा जड पडदा, रिकाम्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट. महागडे ध्वनिशोषक पॅनेल नंतर.

टीपॉयची काच विसरू नका. सेंटरच्या पुढ्यात सपाट काच म्हणजे फळीचाच मोठा भाऊ. सिनेमाच्या वेळी टीपॉय बाजूला करा, नाहीतर त्यावर जाड टेबलक्लॉथ टाका. पंखा पाचवरून तीनवर आणला तरी स आणि श परत येतात. रात्री दहानंतर शेजाऱ्यांची काळजी असेल तर 'नाइट मोड' लावा, मोठे आवाज दबतात आणि बोलणं आहे तिथेच राहतं.

एवढं सगळं करून मी परत आईच्या जागेवर बसलो. बरंच सुधारलं होतं, पण माझा टू-वे आडवा डबाच होता आणि २३ अंश ते २३ अंश. नवा थ्री-वे घेण्याचा विचार चालू होता, तेवढ्यात बायकोनं विचारलं, "दिवाणच सरकवला तर?" दीड फूट उजवीकडे सरकवला, कोन १५ अंशांवर आला. कपाटाचं डावं दार आता पूर्ण उघडत नाही. त्यात तसेही जुने अल्बमच आहेत.